समोरचे मूल : भावनगर ते होशंगाबाद

हीरकमहोत्सवी ग्रंथात मुख्याध्यापिकेने शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, असा एक संकेत आहे. तो आढावा या ग्रंथात इतरत्र सविस्तर आला आहे. त्यामुळे संपादक मंडळाची परवानगी घेऊन मी थोडा वेगळा विषय निवडला. शिक्षकाला शिकवण्यात आनंद केव्हा मिळतो, हा तो विषय. हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. विद्यार्थ्याला शाळा आवडावी, पालकाचे समाधान व्हावे, निकाल चांगला लागावा, याची चर्चा सगळीकडे चालते. शिकवणाऱ्याच्या आनंदाची गणना मात्र स्वभावात होते. एखाद्याला शिकवण्याची उपजत आवड असते, एखाद्याला नसते, असे म्हणून आपण मोकळे होतो. माझे मत निराळे आहे. या आनंदाला कारणे असतात आणि म्हणून त्याला इतिहासही आहे. तो शोधायला आपल्याला महाराष्ट्राबाहेर, सौराष्ट्रातल्या भावनगरला आणि नर्मदाकाठच्या होशंगाबादला जावे लागते. पण प्रश्न पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत मांडला गेला तो पुण्यात.

१८८२ साली हंटर आयोग भारतातील शिक्षणाची चौकशी करीत होता. त्या आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी एक निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण बहुजनांपर्यंत पोहोचलेले नाही, ही त्यांची तक्रार सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात शिक्षक कसा असावा याविषयीही त्यांनी लिहिले आहे आणि ते तितके वाचले जात नाही. प्राथमिक शाळेचा शिक्षक प्रशिक्षित असावा, शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतःला लोकांपासून अलिप्त ठेवणाऱ्या ब्राह्मण शिक्षकापेक्षा असा शिक्षक लोकांत सहज मिसळेल, त्यांच्या गरजा आणि इच्छा त्याला कळतील आणि वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार हातात धरायला तो लाजणार नाही, अशी कारणे त्यांनी दिली. मोडी व बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडेही अभ्यासक्रमात असावेत, असे त्यांनी सुचवले. शिक्षकाचा पगार बारा रुपयांहून कमी नसावा, हेही लिहायला ते विसरले नाहीत. समोरच्या मुलाच्या घरी काय चालते हे ज्याला माहीत आहे तो शिक्षक, अशी ही व्याख्या आहे. बी.एड.च्या ग्रंथांत शिक्षकाच्या गुणांच्या लांबलचक याद्या असतात; मला त्या सर्वांपेक्षा ही अधिक कामाची वाटते.

आयोगाने मात्र प्राथमिक शाळांसाठी निकालावर अनुदान ठरवण्याची पद्धत उचलून धरली. किती मुले उत्तीर्ण झाली यावर शाळेला मिळणारा पैसा ठरू लागला, की वर्गात काय घडते याची कल्पना करणे अवघड नाही. तपासनीस येणार, तो पुस्तकातले विचारणार, मुलांना ते पाठ असले पाहिजे. अशा वर्गात शिक्षकाचे तोंड मुलांकडे असले तरी लक्ष दाराकडे असते. मुलाच्या घरी नांगर आहे की होडी, त्याला रात्री जेवायला मिळाले की नाही, या गोष्टी त्या व्यवहारात कुठेच बसत नाहीत. पुढे अनुदानाचे नियम बदलले, तरी शिक्षकाला लागलेली दाराकडे पाहण्याची सवय गेली नाही.

या सवयीला पहिला मोठा धक्का दिला तो एका वकिलाने. गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच गिजुभाई, यांचा जन्म १८८५ चा. पूर्व आफ्रिकेत काही काळ नोकरी करून ते परतले, मुंबईत कायदा शिकले आणि वढवाणला वकिली करू लागले. १९१३ मध्ये मुलगा झाला आणि त्याला वाढवायचे कसे, या साध्या घरगुती चिंतेतून ते माँटेसरीबाईंच्या लेखनापर्यंत पोहोचले. १९१६ साली वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत नानाभाई भट्टांच्या सोबतीला गेले. प्रारंभी त्यांनी मोठ्या मुलांना शिकवले. पण आरंभ लहान वयातच व्हायला हवा, असे त्यांना वाटू लागले आणि १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू झाले. भरघोस मिशांच्या या गृहस्थांना लोक ‘मूछाळी मा’ म्हणत. मिशा असलेली आई! गुजरातीने आपल्या शिक्षकाला दिलेली ही पदवी मला कोणत्याही सरकारी सन्मानापेक्षा मोठी वाटते.

गिजुभाईंनी पुष्कळ लिहिले. लहानमोठी मिळून दोनशेच्या आसपास पुस्तके त्यांच्या नावावर आहेत. त्यांपैकी ‘दिवास्वप्न’ हे छोटे पुस्तक मी आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या हाती देते. १९३०च्या दशकाच्या उंबरठ्यावर ते गुजरातीत लिहिले गेले. हिंदीत, मराठीत आणि इतर भाषांतही ते उपलब्ध आहे. पुस्तक काल्पनिक आहे, पण त्यामागे लेखकाचा प्रत्यक्ष अनुभव आहे. एक उत्साही शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्रयोगासाठी एक वर्ग मागतो. त्याला सरकारी प्राथमिक शाळेतील चौथीचा वर्ग मिळतो; वर्षअखेर परीक्षा आहेच, अशी जाणीवही दिली जाते.

पहिला दिवस फसतो आणि पुस्तक खरे वाटू लागते ते तिथूनच. शिक्षकाने घरी बसून चोख टाचण केलेले असते. त्यात पहिला कार्यक्रम शांततेच्या खेळाचा. खिडक्या-दारे लावून अंधार करायचा, मुलांनी निःशब्द बसायचे, दूरचे बारीक आवाज ऐकायचे. पुस्तकांत हे फार सुंदर वाटते. प्रत्यक्षात अंधार होताच कोणी मांजराचा आवाज काढतो, कोणी हसतो, कोणी पाय आपटतो आणि खेळाचा पुरता बोजवारा उडतो. ज्यांनी एकदा तरी नव्या वर्गात पाऊल टाकले आहे, त्यांना यातले काही समजावून सांगावे लागत नाही. शिक्षक मुलांना त्या दिवशी सुट्टी देतो आणि त्याबद्दल अधिकाऱ्याचे बोलणे खातो.

त्यानंतर तो जे करतो ते महत्त्वाचे आहे. तो मुलांना दोष देत नाही आणि छडीही आणत नाही. आपण कल्पनेतल्या मुलांसाठी टाचण केले होते, हे त्याच्या ध्यानात येते. वर्गातली मुले निराळी आहेत. ती वर्षानुवर्षे ओरडा आणि मार खात आलेली आहेत, गल्लीत वाढलेली आहेत आणि शाळेकडून त्यांची काही अपेक्षा उरलेली नाही. या मुलांना खरोखर काय आवडेल? दुसऱ्या दिवशी तो राजाची गोष्ट सांगू लागतो आणि काल मांजरे झालेली तीच मुले मंत्र घातल्यासारखी स्तब्ध होतात. शाळा सुटायची वेळ होते, तरी कोणी उठायला तयार नसते. मग गोष्टींतून पुस्तके येतात. पाठ्यपुस्तकांवर खर्च होणाऱ्या पैशांतून वर्गाचे वाचनालय उभे राहते. मुलांची वाढलेली नखे, विस्कटलेले केस, तुटलेली बटणे यांवर व्याख्यान न देता तो वर्गात आरसा, कंगवा आणि कात्री आणून ठेवतो. पुढे खेळ येतात, नाटके येतात, खेळातून व्याकरण येते.

सहकारी शिक्षक हसतात, चिडतात. त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. हा पाहुणा, वर्षभर प्रयोग करून जाईल. आम्हाला अभ्यासक्रम पुरा करायचा आहे, निकाल दाखवायचा आहे आणि घर चालवायचे आहे. गिजुभाईंनी हा आक्षेप पुस्तकातून वगळला नाही, ही त्यांची मोठी प्रामाणिक गोष्ट. शिक्षकाच्या आनंदाविषयी बोलताना त्याच्या पोटाचा विचार टाळणारे लेखन मला संशयास्पद वाटते. फुल्यांनी बारा रुपयांची गोष्ट उगीच काढलेली नव्हती.

‘दिवास्वप्ना’तला शिक्षक आनंदी आहे तो मुले त्याचे ऐकू लागली म्हणून, असे प्रथम वाचताना वाटते. मला मात्र अलीकडे दिसते ते असे, की तो मुलांविषयी कुतूहलाने भरलेला आहे. उद्या ही काय करतील, हे त्याला ठाऊक नसते आणि ते पाहण्यासाठी तो शाळेत यायला उत्सुक असतो. वीस वर्षे तोच धडा त्याच शब्दांत शिकवणाऱ्याला धड्याचा कंटाळा येतो. मुलांचा कंटाळा येणे शक्य नाही, कारण ती दरवर्षी निराळी असतात. फक्त त्यांच्याकडे पाहावे लागते.

भावनगरच्या या प्रयोगाशी मराठी माणसांचा संबंध घट्ट आहे. १९२३ मध्ये ताराबाई मोडक तेथे गेल्या आणि सुमारे नऊ वर्षे गिजुभाईंच्या बरोबरीने काम करीत राहिल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीबरोबर मराठीतही निघू लागली आणि मराठीची धुरा ताराबाईंनी सांभाळली. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. गिजुभाई १९३९ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी काही महिन्यांनी माँटेसरीबाई भारतात आल्या. ज्यांच्या लेखनाने त्यांचे आयुष्य पालटले, त्या बाईंचे स्वागत करायला ते राहिले नाहीत.

ताराबाईंना एक गोष्ट बोचत होती. ही सुंदर बालमंदिरे शहरातल्या, बऱ्या परिस्थितीतल्या घरांची होती आणि माँटेसरी पद्धतीचे साहित्य महाग होते. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वाडीवरची गरीब मुले तिकडे फिरकेनात. तेव्हा या दोघी मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आणली तेव्हा तो देशभर गेला. आज तो उच्चारताना बोर्डीची आठवण फार थोड्यांना होते. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हे साहित्य झाले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा येत नाहीत, असे दिसले तेव्हा शाळाच कुरणावर गेली. तिचे नाव कुरणशाळा. मुलाने शाळेसाठी आपले आयुष्य बाजूला ठेवून यावे, ही अट त्यांनी काढून टाकली.

हे सारे बालवाडीचे झाले, असे कोणी म्हणेल. तिथे अभ्यासक्रम नसतो, परीक्षा नसते; गाणी-गोष्टी पुरतात. सहावी ते आठवीच्या वर्गात, विषयांच्या आणि गुणांच्या कचाट्यात हे कसे जमावे? आमच्या शिक्षक-दालनातही हा प्रश्न अनेकदा निघतो. त्याचे एक भक्कम उत्तर होशंगाबाद जिल्ह्याने दिले. नर्मदेच्या काठचा हा मध्य प्रदेशातील जिल्हा आता नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो.

१९७२ साली तेथील सोळा सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक नवा प्रयोग सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नोकरी सोडून खेड्यात आलेले अनिल सद्गोपाल यांची ‘किशोर भारती’ आणि रसुलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो हाती घेतला. मुंबईचे वैज्ञानिक आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक मदतीला आले. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला आणि १९८२ मध्ये हे काम चालवण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली. खाजगी, निवडक मुलांच्या शाळेत केलेला हा प्रयोग नव्हता. गळक्या छपराच्या, बाके नसलेल्या सरकारी शाळा होत्या आणि शिक्षकांपैकी अनेकांनी स्वतः विद्यार्थी असताना कधी प्रयोग केलेला नव्हता.

या उपक्रमाच्या पुस्तकाचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात उत्तरे नव्हती. काय करून पाहायचे ते होते, पाहिल्यावर विचारायचे प्रश्न होते आणि लिहायला मोकळी जागा होती. मुले चौघाचौघांच्या टोळ्या करून बसत. ‘जड और पत्ती’ या पाठाचे उदाहरण मला फार आवडते. मुलांनी शेताबांधावरून रोपे मुळासकट उपटून आणायची. कोणाचे मूळ सोटमूळ, कोणाचे तंतुमय, हे पाहायचे. मग पानांतल्या शिरा पाहायच्या, कोठे जाळी आहे, कोठे समांतर रेषा. दोन्ही गटांची यादी शेजारी मांडली की मुलांना दिसते, की सोटमूळ असेल तेथे बहुधा जाळी आणि तंतुमय मूळ असेल तेथे समांतर शिरा. आपल्या पुस्तकांत हे एका वाक्यात छापलेले असते आणि मुले ते एका रात्रीत पाठ करतात. तिकडे ते सापडण्यासाठी दोन-तीन तासिका जात. पण रोज निंदणी करणारी, तणाची नावे तोंडपाठ असणारी शेतकऱ्याची मुलगी त्या तासिकेत वर्गातली सर्वांत जाणती व्यक्ती ठरे. बऱ्याचदा शिक्षकापेक्षाही जाणती.

साहित्याचेही तसेच. फुलाचे भाग वेगळे करायला सुई हवी, तर बाभळीचा काटा चालतो. इथेच १९७८ मध्ये टेल्कोतून रजा घेऊन अरविंद गुप्ता हे तरुण अभियंते आले. गावच्या बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृती बनवल्या. पुढे त्यांनी पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी त्यांची टाकाऊतून बनवलेली खेळणी पाहिली असतील.

शिक्षकांचे काय झाले? दरवर्षी उन्हाळ्यात, मध्य प्रदेशाच्या त्या उन्हात, त्यांचे सुमारे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण होई. तेथे त्यांना व्याख्याने मिळत नसत. मुले करणार तेच प्रयोग त्यांनी करायचे, तसेच चुकायचे, तसेच भांडायचे. विद्यापीठाच्या प्राध्यापकाला गावच्या शिक्षकाने ‘हे असे का?’ म्हणून अडवावे आणि प्राध्यापकाने ‘मला माहीत नाही, करून पाहू’ असे म्हणावे, हा तेथला रिवाज होता. वर्गातही शिक्षकाने हेच म्हणायला हरकत नव्हती. आपल्याकडे शिक्षकाला सर्व काही येते, असे गृहीत धरलेले असते आणि ते ओझे वाहताना त्याची अर्धी शक्ती खर्च होते. मुलाचा प्रश्न म्हणजे धोका वाटू लागतो. ते ओझे उतरले, की तोच प्रश्न त्या दिवसातली सर्वांत रंजक गोष्ट होतो. दरमहा शिक्षक एकत्र बसत, कोणता पाठ फसला ते सांगत आणि त्यांच्या सांगण्यावरून ‘बाल वैज्ञानिक’चे पाठ बदलले जात. याच शिक्षकांतून पुढे प्रशिक्षक आणि प्रश्नपत्रिका काढणारे तयार झाले. आपण सांगितलेले पुस्तकात उतरते, हा अनुभव आपल्या देशातील किती शिक्षकांना मिळाला असेल?

परीक्षाही बदलली. लेखी परीक्षेत पुस्तक आणि स्वतःची वही जवळ ठेवायला परवानगी होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाची परीक्षा वेगळी होती. मुलांनी पत्राने प्रश्न विचारावेत म्हणून ‘सवालीराम’ नावाचे एक काल्पनिक पात्र तयार केले होते. गावोगावची मुले त्याला पत्रे लिहीत आणि त्यांना उत्तरे जात.

अशा वर्गात गोंगाट होतो, हे कबूल केले पाहिजे. मुख्याध्यापकांच्या जातीला शांत वर्गाचे विलक्षण आकर्षण असते. व्हरांड्यातून जाताना आवाज आला, की पावले थबकतात. पण आवाजाचेही प्रकार असतात. चार मुले एका मुळावर वाद घालत असताना होणारा आवाज आणि शिक्षक नसलेल्या वर्गाचा आवाज यांतला फरक कानाला थोड्या सवयीने कळतो.

२००२ मध्ये राज्य सरकारने हा उपक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेले काम एका आदेशाने थांबले. आमच्या मुलांना राज्यातल्या इतर मुलांपेक्षा वेगळे पुस्तक का, पुढे नववीत आणि स्पर्धेत ती मागे पडली तर काय, अशी मागणी जिल्ह्यातूनच पुढे आणली गेली होती. त्यात राजकारण होते, हे खरे. पण पालकांच्या भीतीला आपण हसू नये. पहिल्यांदाच माध्यमिक शाळेत पोहोचलेल्या घराला मुलाच्या हाती सर्वांचे असते तेच पुस्तक असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रयोग करणाऱ्याने पालकांनाही तितक्याच मोकळेपणाने सामील करून घ्यावे लागते; ते किती जमले आणि किती नाही, यावर तेथील लोकांनी स्वतःच पुष्कळ लिहिले आहे. आज मराठी माध्यमात मूल घालणाऱ्या आपल्या पालकांना असेच प्रश्न नातेवाईक विचारतात आणि त्यांची उत्तरे देताना त्यांची किती दमछाक होते, ते मला ठाऊक आहे.

उपक्रम बंद पडला, तरी त्यातले बरेच काही वेगळ्या वाटांनी पुढे गेले. होशंगाबादच्या कामाला आरंभापासून पाठिंबा देणारे यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये दप्तराच्या ओझ्यावर अहवाल दिला. न समजण्याचे ओझे दप्तराहून जड असते, हे त्याचे मुख्य म्हणणे. त्यांच्याच अध्यक्षतेखाली तयार झालेल्या २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडणे हे पहिले तत्त्व म्हणून आले. म्हणजे जोतीरावांनी १८८२ मध्ये मागितलेली गोष्ट सरकारी कागदावर यायला सव्वाशे वर्षे लागली. वर्गात ती किती आली, हे ज्याने त्याने आपल्या शाळेपुरते पाहावे.

‘एकलव्य’चे ‘संदर्भ’ हे शिक्षकांसाठीचे हिंदी द्वैमासिक निघत राहिले आणि त्याच्या प्रेरणेने पुण्यातून मराठीत ‘शैक्षणिक संदर्भ’ सुरू झाले. त्याचे अंक आपल्या ग्रंथालयात दाराजवळच्या कपाटात आहेत, माजी विद्यार्थ्यांनी आल्यावर जरूर चाळावेत. आणि सवालीराम काही २००२ मध्ये निवृत्त झाला नाही. हिंदी ‘संदर्भ’मध्ये त्याचे सदर पुढेही चालू राहिले आणि मुलांनी विचारलेल्या प्रश्नांना तो उत्तरे देत राहिला.